गजक कोणत्या बाजूने चावता

बापाला 'तू' आणि लेकराला 'तुम्ही' म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ग्वाल्हेरच्या दाना ओलीत गजकवाल्याच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की त्यांचा दवाखाना होता. गाल सुजलेलं तेरा-चौदा वर्षांचं पोर खुर्चीत अंग चोरून बसलेलं असे आणि डॉक्टरसाहेब त्याच्यापुढे किंचित वाकून विचारत, "काय म्हणता? शाळेत कसं चाललंय आपलं?" आणि लगेच मागे वळून त्याच्या मिशाळ बापाला, "तू जरा सरक तिकडे. उजेड अडवतोयस."

एकदा मी विचारलं, हे काय उलटंच. तर म्हणाले, "ज्याचा जबडा उघडायचा त्याला मान द्यायचा. बाप काय, नुसता सोबत आलाय."

मला ते 'तुम्ही' म्हणत. मला वाटायचं, माझ्या डिग्रीचा मान राखतायत. त्यांनी मला कोणाच्या रांगेत बसवलंय हे कळायला फार दिवस गेले.

तेव्हा मी लग्न होऊन पुण्याहून ग्वाल्हेरला आलेली ताजी दातांची डॉक्टर होते. ताजी म्हणजे किती, तर पांढऱ्या कोटाला घरी स्वतः खळ घालून तो इतका कडक करायची की खाली बसले की कोट उभाच राहायचा. सासरी दिवे गेले की सगळे म्हणत, "लाइट चालली गेली." आणि मी अंधारात त्यांचं मराठी सुधारत बसायची. माझी नात परवा हे ऐकून म्हणाली, "आजी, तू कितनी खडूस थी यार!" मी म्हटलं, थी काय, अजून आहे, फक्त आता गुडघे दुखतात म्हणून उठून सुधारायला येत नाही.

तर असा हा कडक कोट डॉक्टरसाहेबांकडे कामाला लागला. ते जबड्याचे सर्जन. मोठी ऑपरेशनं इस्पितळात करत, पण पेशंट बघायचे ते या माडीवर. लहान वयात जबड्याच्या हाडात काही गाठी होतात. जिवावर उठत नाहीत, दुखतही नाहीत. नुसत्या आतून हाड पोखरत, दात हलवत मोठ्या होत राहतात. चंबळच्या खेड्यांपासून लोक अशी मुलं घेऊन येत, गालाला कसले कसले लेप लावलेली, दृष्ट काढून काढून थकलेली.

पहिल्याच दिवशी मी पाहिलं, टेबलावर औषधांच्या शेजारी गजकाचा, तिळगुळाच्या त्या कडक वड्यांचा, पत्र्याचा डबा. दातांच्या दवाखान्यात तीळगूळ! पेशंट आला की डॉक्टरसाहेब आधी त्याच्या हातावर गजकाचा तुकडा ठेवत आणि पाठ करून चष्मा पुसत उभे राहत. माझा संताप झाला. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, "तुमच्या गावात दातांचा डॉक्टरच दात किडवतो."

पुढे कळलं, चष्मा पुसताना ते भिंतीवरच्या आरशात बघत असत. पोर कोणत्या बाजूने चावतं, कोणती बाजू सांभाळतं. "तोंड उघडा म्हटलं की मुलं घाबरतात आणि खोटं बोलतात," ते म्हणत. "खाताना कोणी खोटं बोलत नाही." आणि दुसरं, गजक खाल्लं की ओठांना तीळ चिकटतो. ज्याला कळतं तो पुसतो. खालच्या ओठाची नस दबली किंवा तुटली असेल तर तिथे बधिरपणा येतो, तीळ चिकटून राहतो आणि माणसाला पत्ता नसतो. "ओठावर तीळ राहिला की समजायचं, पुण्याच्या बाई. पुस्तकात हे सापडणार नाही." पुस्तकात खरंच नव्हतं. मी घरी जाऊन दोनदा शोधलं.

एक्स-रेचा फोटो ते कधी दवाखान्यात बघत नसत. जिना उतरून खाली गल्लीत जात आणि फोटो आभाळाकडे धरत. "सूर्यासारखा दिवा नाही." मग काय, भाजीवाला हातगाडी थांबवून मान वर करी. गजकवाला हात पुसत बाहेर येई. "डॉक्टर साहब, ये तो साबुन के झाग जैसा दिख रहा है." डॉक्टरसाहेब गंभीरपणे म्हणत, "बरोबर. बुडबुडे आहेत." वर जिन्याच्या तोंडाशी मी लाजेने अर्धमेली.

आणि त्या गाठीला गाठ म्हणायचं नाही, हा त्यांचा कायदा. ट्यूमर हा शब्द तर माडीवर बंदच होता. ते म्हणत, "भाडेकरू." मुलांना समजावत, "आपल्या जबड्यात एक भाडेकरू येऊन राहिलाय. वाईट माणूस नाही, मारामारी करत नाही. पण हळूच भिंती पाडून खोल्या वाढवतो. त्याला घालवू या, काय?" मुलं हसत. जिन्यावरून रडत आलेली पोरं हसत खाली उतरत. मला तो पोरकटपणा वाटे. मी मनात त्या गाठीचं लांबलचक नाव स्पेलिंगसकट म्हणून घेई आणि मोठी ज्ञानी असल्यासारखी उभी राहत असे.

कुंदा आली ती अशाच एका थंडीत. वय पंधरा, थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारी, बाप कुठल्याशा खात्यात कारकून. घराणं जुनं शिंदेशाहीतल्या शिपायांचं, तलवार गेली पण मिशा राहिलेल्या. डावा गाल खाली टपोरा झालेला. तिने गजक उजवीकडे चावलं. ओठाला लागलेला तीळ मात्र जिभेने टिपून घेतला. "नस शाबूत आहे," डॉक्टरसाहेब मला हळूच म्हणाले आणि फोटो घेऊन सूर्याकडे गेले.

गाठीचा तुकडा तपासून आला तो दिवस मला आठवतो, कारण रिपोर्ट मी वाचला. खणखणीत आवाजात, "अमेलोब्लास्टोमा." सभेत बक्षीस घ्यायला उभी राहिल्यासारखी. कुंदाचा बाप खुर्चीची पाठ धरून म्हणाला, "कॅन्सर आहे का साहेब? सरळ बोलून द्या."

"कसला कॅन्सर!" डॉक्टरसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले. "भाडेकरू आहे. बस खाली तू." मग कुंदाला, "ताई, आपल्यापुढे दोन रस्ते आहेत."

एक रस्ता, डावीकडचा अर्धा जबडा काढून टाकायचा. भाडेकरू कायमचा जाईल, पण चेहरा वाकेल, दात जातील, ओठ बधिर होईल. दुसरा, आतल्या पोकळीला तोंडातून एक खिडकी पाडायची, तिच्यात औषधाची पट्टी ठेवायची आणि रोज पिचकारीने धुवायची. महिनोन्महिने. पोकळी हळूहळू आकसते, हाड भरत येतं. मग उरलेलं खरवडून काढायचं. जबडा वाचतो. पण पुढे कित्येक वर्षं फोटो काढून बघत राहावं लागतं, कारण हा परत येतो. "लग्न झालं तरी, पोरंबाळं झाली तरी," ते कुंदाला म्हणाले, "मला तोंड दाखवायला यायचं. कबूल?"

"कबूल," कुंदा म्हणाली. तिच्या वतीने बापानेही मान हलवली.

खिडकी पाडली. ती पोरगी मोठी चिवट निघाली. रोज आरशासमोर उभी राहून मिठाच्या पाण्याची पिचकारी मारायची आणि तपासायला आली की जिन्यातूनच ओरडायची, "डॉक्टरसाहेब, भाडेकरूची आंघोळ झाली!" ते वरून, "साबण लावलात का?" खाली गजकवाला हसायचा. फोटोतली काळी पोकळी दर वेळी थोडी लहान झालेली दिसे, आणि डॉक्टरसाहेब गल्लीत उभे राहून ती भाजीवाल्यालाही दाखवत. पुढे दुसरं ऑपरेशन झालं. मग एके दिवशी त्यांनी तिच्या हातावर गजक ठेवलं, चष्मा काढला आणि पाठ न करता समोरच उभे राहिले. तिने तुकडा डावीकडे नेला आणि कडकडून चावला.

"शाब्बास," ते म्हणाले. "सुट्टी."

त्यांच्या तोंडून 'सुट्टी' ऐकायला पेशंट जीव टाकत. त्या दिवशी मी पाहिलं, चष्म्याशिवाय त्यांचे डोळे फार लहान आणि ओले होते. मी नजर वळवून कोटाची कॉलर सरळ केली. तेवढंच येत होतं मला.

नंतर काही वर्षं ती फोटोला येत राहिली, आणि मग बाप पेढे घेऊन आला. बडोद्याचं स्थळ, मोठं घर, मुलगा चांगला. डॉक्टरसाहेबांनी पेढा हातात धरून विचारलं, "सासरी सांगितलंस?"

"काय सांगायचं साहेब?"

"की तिला दर वर्षी तपासायला यायचंय."

बाप हसला. वाईट नव्हता तो, खरंच नव्हता. हसून म्हणाला, "साहेब, तुम्हीच तर म्हटलं होतं न, भाडेकरू होता. तो तर चालला गेला. आता सासरी त्याचं नाव कशाला काढायचं? लोक गाठ ऐकतील तर काय समजतील?" आणि त्यांचे पाय धरायला वाकला. "पोरीचं सासर तुमच्या हातात आहे. तुम्ही कोणाला बोलू नका. ती येईल माहेरी, तेव्हा मी स्वतः घेऊन येतो."

डॉक्टरसाहेब हातातल्या पेढ्याकडे बघत राहिले. त्यांचाच शब्द, त्यांच्याच लाडाने सांगितलेला, आता बाप त्यांनाच परत देत होता. त्यांनी बोलणार नाही असं वचन दिलं. पेढा टेबलावर तसाच राहिला.

पहिल्या दिवाळीला कुंदा आली. फोटो स्वच्छ होता. दुसऱ्या वर्षी दिवस गेले होते, प्रवास नको म्हणाले. मग बाळ लहान. मग सासूबाई म्हणाल्या, किती वेळा जायचं ते माहेरी. आणि मग बापाचीच बदली दूर कुठे तरी झाली. डॉक्टरसाहेब मधूनच विचारत, "पुण्याच्या बाई, बडोद्याच्या ताई आल्या होत्या का?" जणू त्या येऊन गेल्या आणि मी सांगायला विसरले.

एका थंडीत त्यांनी दवाखाना बंद ठेवला. कुठे गेले कोणाला ठाऊक नाही. परत आले ते हातात रिकामा डबा घेऊन. बसल्यावर म्हणाले, "बडोद्याला गेलो होतो. कुंदाताईंचा मामा बनून."

मी हसू दाबलं. मुंजीपासून ब्रह्मचारी राहिलेला हा माणूस, डोक्याला मफलर, हातात गजकाचा डबा, आणि मामा!

"सगळ्यांना दिलं," ते म्हणाले. "सासऱ्यांनी उजवीकडे चावलं, त्यांची डावी दाढ किडलीय. सासूबाईंची कवळी सैल आहे. दीर दोन्हीकडून चावतो, उत्तम. नणंदेचे दात घट्ट. सगळ्या घराचे जबडे तपासून आलो."

"आणि कुंदा?"

"त्या घरात सुना पाहुण्यांसमोर खात नाहीत. त्यांनी डोक्यावर पदर घेऊन तुकडा हातात घेतला, नमस्कार केला, आणि म्हणाल्या, 'मामा, मी मग खाईन.' सासूबाई शेजारीच उभ्या होत्या." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "पदर गालावरून होता. मी काहीच पाहिलं नाही."

बोलणार नाही असं वचन दिलेलं. ते पाळलं त्यांनी. माझं काही हसू उरलं नाही त्या दिवशी.

कुंदा आली ती त्यानंतर बऱ्याच काळाने. जिन्यातून ओरडली नाही. बरोबर नवरा होता, कडेवर मुलगी. तिने पदर खाली घेतला तर डावीकडे गाल नव्हताच, नुसता फुगा होता. डॉक्टरसाहेब उठून उभे राहिले.

"तुम्ही मामा बनून आलात ना," ती म्हणाली, "तेव्हा हरभऱ्याएवढा लागत होता हाताला. मी सांगणार होते. पण त्या जवळ होत्या."

नवरा मधेच बोलला. साधा माणूस, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत म्हणाला, "मला कोणीच काही सांगितलं नाही साहेब. मला कळलं असतं तर मीच घेऊन आलो असतो. दर वर्षी आलो असतो."

ज्याच्यापासून लपवायला सगळ्यांनी एवढी धडपड केली, तोच घेऊन येणारा निघाला. खाली भाजीवाल्याची हाक ऐकू येत होती.

फोटो गल्लीत न्यायची गरज नव्हती. तरी ते गेले. या वेळी गजकवाला बाहेर आला, फोटोकडे बघून हात पुसत आत गेला.

अर्धा जबडा काढावा लागला. कमरेच्या हाडाचा तुकडा बसवला. ऑपरेशनला मी त्यांच्यासमोर उभी होते. मी पाठ केलेलं सगळं त्या टेबलावर बरोबर ठरलं, एकूण एक ओळ, आणि त्याचा मला जराही आनंद झाला नाही. टाके घालताना ते एकच वाक्य म्हणाले, तेही मास्कमधून, बेशुद्ध पोरीला उद्देशून. "माफ करा, ताई. मी तुम्हाला पुरेसं घाबरवलं नाही."

त्यानंतर माडीवर 'भाडेकरू' कोणी ऐकला नाही. ते गाठीचं पूर्ण नाव सांगत, तेही आईबापांना समोर बसवून, जबड्याचं चित्र काढून. परत आला नाहीत तर काय होईल, हे खडूने फळ्यावर दाखवत. जिन्यात बायका रडायच्या. बाप चिडायचे. गावात म्हणू लागले, डॉक्टर चिडका झाला, म्हातारपण लवकर आलं. गजकाच्या डब्यात कापूस भरला गेला. पण मुलं मात्र तपासायला येत राहिली, लग्न झालेल्या मुलीसुद्धा, नवऱ्यांना घेऊन. बरी व्हायची. फक्त जिना उतरताना कोणी हसत नसे. मुलांना 'तुम्ही' म्हणणं तेवढं त्यांनी सोडलं नाही.

मी तोवर कोटाला खळ घालायची सोडली होती. मऊ कोट घालून त्यांच्याशेजारी उभी राहायची आणि मनात म्हणायची, एकदा तरी म्हणा हो, भाडेकरू. एकदा तरी.

मग ते थकले, दवाखाना बंद झाला, पुतण्याकडे राहायला गेले. हळूहळू माणसं विसरली, नावं विसरली. मला अधूनमधून कोणाची तरी आत्या समजायचे. मीही आत्या होऊन चार गोष्टी सांगून यायची. आत्याचं काम मला छान जमतं.

गेल्या थंडीत कुंदाचा फोन आला. ती आता पन्नाशी ओलांडलेली, मुलीचं लग्न झालेलं. चेहरा डावीकडे खचलेला, त्याची तिला सवय झालेली. म्हणाली, "काकू, एकदा भेटायचंय त्यांना." मी घेऊन गेले. येताना तिने दाना ओलीत उतरून त्याच दुकानातून गजक घेतलं होतं. दुकानात आता गजकवाल्याचा नातू बसतो.

डॉक्टरसाहेब उन्हात खुर्ची टाकून बसले होते. मफलर तोच असावा. कुंदाने पाया पडून नाव सांगितलं. त्यांना नाव ओळखीचं वाटलं नाही. पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि एकदम पूर्वीसारखे किंचित पुढे वाकले.

"काय म्हणता, ताई? खिडकी धुताय ना रोज?"

कुंदाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो डॉक्टरसाहेब. रोज. भाडेकरूची आंघोळ झाली."

ते हसले. इतक्या वर्षांनी. "साबण लावलात का?"

"लावला."

"खाऊन दाखवा बरं," ते म्हणाले. "डावीकडून."

डावीकडे तिला दात नाहीत. नंतर बसवायचे होते ते राहूनच गेले. तिने तुकडा तोंडात घातला, जिभेने डावीकडे नेला, आणि हनुवटी हलवत राहिली. चावत नव्हती, नुसती हलवत होती. गजक विरघळायला वेळ लागतो. तेवढा वेळ ते बघत राहिले, चष्मा न पुसता, समोरून.

गिळून ती हसली. खालच्या ओठाच्या डाव्या कडेला एक तीळ राहिला होता. तिला पत्ता नव्हता.

मी पुढे होणार होते. पण त्यांचा हात आधी उठला. त्यांनी अंगठ्याने तो तीळ टिपला. अंगठा डोळ्यांजवळ आणून क्षणभर बघितला. मग हात मांडीवर ठेवला आणि बाहेर उन्हाकडे बघत म्हणाले, "शाब्बास. सुट्टी."

परत येताना ई-रिक्षात कुंदा खुशीत होती. म्हणाली, "काकू, मघाशी त्यांनी गालावरून हात फिरवला माझ्या. पाहिलंत ना? त्यांना वाटतंय, सगळं बरं झालं. बरं वाटलं असेल न त्यांना?"

"हो गं," मी म्हटलं.

मला तर रस्ताभर बोलायची खोड. पण फूलबाग मागे पडली तरी मी मनात त्यांचंच वाक्य घोकत होते, ओठावर तीळ राहिला की समजायचं.